चार नंबरची झडती

"पुढची," मी म्हटलं.

हौसा शेलार पुढं आली, पण माझ्यापासून हातभर लांब थांबली. रोज ती जवळ येऊन मान खाली घालायची, म्हणजे मला तिच्या मंगळसूत्राचा मागचा फासा सोडता यायचा. त्या दिवशी तिनं पदर गळ्याभोवती आवळून घेतला होता.

"मावशी, आज गळ्याला हात लावू नगा."

"का गं? रात्रीत सोन्याचा झाला का गळा?"

माझ्या असल्या बोलण्यावर रांगेत एरवी खसखस पिकायची. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी मान वाकडी करून मागं बघितलं, तर सगळ्यांचे पदर तसेच आवळलेले.

एकाहत्तरच्या लढाईतली गोष्ट आहे. आमचा दारूगोळ्याचा कारखाना होता. कुठला ते सांगणार नाही. बाहेर बोलणार नाही म्हणून आमच्याकडून लिहून घेतलं होतं, आणि मी काही अंगठा उठवला नव्हता, चांगली सही केली होती. सहीला जागायला पाहिजे. एवढं सांगते, की तोफेच्या गोळ्यामागं दारूची एक सुती पिशवी लागते आणि त्या पिशव्या भरायचं काम चार नंबरच्या इमारतीत बाया करायच्या. लाकडी परातीत काळी दारू, लाकडी पळीनं पिशवीत भरायची, वरून लाकडी ठोकळ्यानं दाबायची आणि तोंड शिवायचं. इमारतीभोवती मातीचा बांध, खाली रबराची ओली जाजमं. दारात गुडघ्याएवढी लाल फळी. फळीच्या अलीकडे सगळं जग आणि पलीकडे दारू. फळी ओलांडायच्या आधी प्रत्येकीची झडती घ्यायची, ते माझं काम.

लोखंड नको, काच नको, खडा नको. केसातला आकडा, पोलक्याची टाचणी, बांगड्या, जोडवी, किल्ल्या, मंगळसूत्र, सगळं अलीकडे. भिंतीवर प्रत्येकीच्या नंबराचा खिळा होता. मंगळसूत्र त्या खिळ्याला लागायचं आणि गळा मोकळा दिसू नये म्हणून त्याच खिळ्यावरचा सुताचा दोरा, त्यात बांधलेलं हळकुंड, गळ्यात घालून बाई आत जायची. पण मंगळसूत्र मी कुणाला स्वतःच्या हातानं काढू देत नव्हते. बाया काढलंसं दाखवतात आणि पोलक्यात सारतात. मी स्वतः फासा सोडायची, स्वतः खिळ्याला लावायची. पाठीमागं मला कावळी म्हणायच्या. मला माहीत होतं. कावळा शिवल्याशिवाय पुढं जाता येत नाही, त्यात काय खोटं होतं?

गेल्या वर्षी नातीनं मला पहिल्यांदा विमानात बसवलं, तेव्हा तिथल्या पोरीनं माझ्या अंगावरून ते यंत्र फिरवलं आणि जा म्हणाली. मी म्हटलं, "बाई, अंबाडा बघितला नाहीस." नात ओशाळली. सवय जात नाही.

तर हौसा. सातारकडची, तिशीची, रुंद खांद्याची बाई. नवरा पायदळात नाईक होता आणि लढाई पेटल्यापासून कुठल्या तरी सीमेवर होता. चार नंबरमधल्या बहुतेक बायांचे नवरे फौजेतच होते, म्हणून तर त्यांना कामावर घेतलं होतं. हौसा हाताला इतकी चपळ की ती पिशवी शिवताना बघत बसावं. बाया तिचं ऐकायच्या. ती बसली की बसायच्या, उठली की उठायच्या.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं.

"आपल्या रांगंतल्या अंजिराचा नवरा गेला."

"कळलं मला. वाईट झालं."

"तार आली त्या दिवशी सकाळी तुमीच तिचा गळा मोकळा केला हुता."

"मी रोज सगळ्यांचाच करते."

"त्येच म्हनतोय आमी." हौसानं खाली बघितलं, मग मान वर करून सरळ माझ्याकडं बघून बोलली, हे तिचं मला तेव्हाही आवडलं. "मावशी, तुमच्यावर राग न्हाई. तुमी वाईट न्हाई. पर तुमचा गळा रिकामा हाय, कपाळ रिकामं हाय. आन आमची मानसं तिकडं गोळ्या खात्यात. रोज सकाळी तुमच्या हातनं मंगळसूत्र उतरवून घ्यायचं, ह्ये आता मनाला सोसत न्हाई."

मला पस्तिसावं लागायच्या आत वैधव्य आलं होतं. लोकांची बोलणी ऐकून कान किटले होते. तरी तेवढ्या बायांसमोर, इतक्या शांतपणे कुणी ते बोललं नव्हतं. पण तोंडानं मी कधी हार गेलेली नाही.

"माझा गळा रिकामा आहे ते मला ठाऊक आहे. आरसा आहे घरी. पदर सोड."

"न्हाई."

"मग आत जायचं नाही."

"न्हाई जात."

आणि ती फळीच्या अलीकडे जमिनीवर बसली. मागची बसली. मग सगळी रांगच बसली.

दातारसाहेब धावत आले. चार नंबर त्यांच्याकडं होतं. माणूस सज्जन, पण त्या दिवसांत त्याला झोप नव्हती. बाहेर मालमोटारी उभ्या आणि वरून सारखे फोन. त्यांनी बायांना समजावलं, देशाचं सांगितलं, जवानांचं सांगितलं. हौसा म्हणाली, "साहेब, जवान म्हंजे आमचंच नवरं की. त्यांच्यासाठीच तर बसलोय."

साहेब मला बाजूला घेऊन गेले. "तुळसाबाई, लढाई आहे तोवर तुम्ही बाहेरच्या पाण्याच्या कामावर राहा. बांधाला आणि वाटेला पाणी मारायचं. इथं दुसरी बाई बसवतो."

"आणि लढाई संपल्यावर?"

"मग बघू."

"साहेब, मग बघू म्हणजे घरी बस, एवढं कळतं मला. घरी सासू आहे, दोन पोरी आहेत. नवऱ्याच्या जागी लागलेय मी. चार नंबर बंद पडू नये म्हणून मी जाते. पण जी बसवाल तिला सांगा, फासा स्वतःच्या हातानं सोडायचा."

त्यांनी मान हलवली. ऐकलं की नाही, देव जाणे.

माझ्या जागी फाटकावर प्रमिलाबाई आल्या. ऑफिसातल्या कुणा कारकुनाच्या बायको, गोऱ्या, गोड बोलणाऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी तर त्यांनी फळीशी कुयरी आणून ठेवली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. बाया खूश. मी वाटेला पाणी मारता मारता बघत होते. केसात बघणं नाही, पोलक्याची शिवण चाचपणं नाही. आणि गळ्याला तर हातच नाही.

मी झारी खाली ठेवून गेले. "बाई, मंगळसूत्रं का नाही काढलीत?"

"अहो, मी सवाष्ण. एका सवाष्णीनं दुसरीचं मंगळसूत्र कसं उतरवायचं? हात धजत नाही हो. त्या फडकं गुंडाळून पोलक्यात घालतात. पडायचा प्रश्नच नाही."

म्हणजे बघा कशी गंमत. विधवेनं उतरवलं तर अपशकुन आणि सवाष्णीला उतरवता येत नाही. मग उतरवायचं कुणी? यमानं?

सुट्टी झाल्यावर मी हौसाला वाटेत गाठलं. "मणी काचेचे असतात गं. दारूत एक मणी गेला आणि वरून तुझा ठोकळा बसला, तर विचारायला कुणी उरायचं नाही."

"फडकं घट्ट बांधलंय, मावशी."

"फडक्याचा भरवसा धरतेस आणि माझ्या हाताचा नाही?"

ती पदर सावरून चालायला लागली. तिलाही कुठंतरी पटत होतं, पण भीती माणसाला शहाणं होऊ देत नाही. तिचा नवरा तिकडं होता, माझा नव्हता. मी तरी तिला काय म्हणून दोष देऊ?

पुढचे दोन-तीन दिवस कसेबसे गेले असतील. एकदा जेवणाच्या सुट्टीच्या आधी मी चार नंबरच्या बांधाला पाणी मारत होते. वेळ नसताना दारातून बाया बाहेर पडायला लागल्या. एकीमागं एक, अनवाणी, कुणी पळत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. आत काही झालं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. माझ्या हातातून झारी गळाली. हौसा त्यांच्यात नव्हती.

मग दोघींनी धरून शेवंताला आणलं. शेवंता म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोरगी पांढरीफटक आणि गळा मोकळा. दोन्ही मनगटांवर बोटांचे लाल वळ. तोंडातल्या तोंडात एकच धोशा चाललेला, "माझं मनी, माझं मनी."

सगळ्यात शेवटी हौसा आली. दोन्ही हातांवर दारूची परात, वरून ओलं फडकं. इतकी हळू चालत होती की देवाची पालखी खांद्यावर असल्यासारखी. बाया आपोआप मागं सरकल्या. मी मात्र पुढं गेले, का ते आजही सांगता येणार नाही.

"मावशी," ती पुटपुटली, "हौदावरचं झाकान काढा."

दारू भिजवायला दाराबाहेर पाण्याचा हौद होता, मी त्याचं झाकण काढलं. तिनं परात हौदात अशी सोडली की पाण्यावर लाटसुद्धा उठली नाही. काळं पाणी वर आलं. मग ती मटकन हौदाच्या कट्ट्यावर बसली.

काय झालं ते तिनंच सांगितलं. शेवंता परातीवर वाकली होती. फडकं सुटलं, मंगळसूत्र बाहेर लोंबलं, पळीच्या दांड्यात अडकलं आणि वाढलं. आम्ही मंगळसूत्र तुटलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. वाट्या आणि मणी सगळे दारूत सांडले. आता वाढलेल्या मंगळसूत्राचा एकही मणी मागं सोडायचा नाही, हे प्रत्येक पोरीला आईनं शिकवलेलं असतं. एक मणी राहिला तरी नवऱ्याला घात. शेवंतानं काय करावं? दोन्ही हात दारूत घातले आणि मणी चिवडायला लागली.

"दारूत काच, आन ही वरनं दोनी हातानं घुसळतीया," हौसा म्हणाली. "मी पळी टाकली आन तिची मनगटं धरली. म्हनलं, शेवंते, हात हलवू नगंस. ती म्हनती, सोडा, त्येंचं काय हुईल. तिकडं त्येंचं काय हुईल म्हनून रडत हुती, आन हितं आमचं सगळ्यांचं व्हायची येळ आली हुती. तशीच धरून ठिवली. बाकीच्यांना नजरंनंच भाईर जा म्हनलं."

"आणि परात तू एकटीनं उचललीस?"

"मग कुनी उचलायची? फाटकावर बसून तुमची कटकट मीच बंद केली न्हवं?"

एवढंच बोलली ती. रडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता, तो कुठं गेला कुणास ठाऊक. मला वाटलं, या बाईचे पाय धरावेत.

शेवंता हौदापाशी येऊन उभी राहिली. "माझं मनी," ती पुन्हा म्हणाली. आता दारू पाण्यात होती, भिजली होती, भीती नव्हती. पण बायांपैकी कुणी पुढं होईना. मी बाह्या वर सारल्या आणि हौदात हात घातला.

काळ्या चिखलात काळे मणी, डोळ्यांना दिसायचे नाहीत. मी चिमटीत चिखल घ्यायची आणि बोटांनी चाचपायची. तशी माझ्या बोटांना सवय होतीच. दोन्ही वाट्या आधी सापडल्या. मग एकेक मणी कट्ट्यावर ठेवत गेले. बाया गोल करून उभ्या होत्या. पाणी बर्फासारखं गार होतं.

"मावशी," हौसानं विचारलं, "तुमी एवढ्या कडक का वो? आधीची झडतीवाली तर कवा गळ्यापातुर जात नव्हती म्हनत्यात."

मी कुणाला सांगत नसे. त्या दिवशी सांगितलं.

"माझा नवरा याच कारखान्यात होता, दोन नंबरला. पानतंबाखूचा भारी नाद. पुरुषांच्या फाटकावर झडतीला त्याचा दोस्त होता, एका ताटात जेवणारा. त्या सकाळी दोस्त म्हणाला, 'तू घरचाच, तुझी काय झडती घ्यायची, जा.' आणि हा गेला. दुपारी दोन नंबर उडालं. कशानं उडालं ते अजून कुणाला सांगता आलं नाही. पण माती उपसताना चुन्याची डबी सापडली. पत्र्याची, झाकणावर मोर. मीच जत्रेतून आणली होती."

मी मणी चाचपत राहिले.

"तो दोस्त वाईट नव्हता," मी म्हटलं. "मायाळू होता. मायेनंच सोडलं त्यानं. म्हणून मी कुणावर माया करत नाही फाटकात. कावळी म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा."

हौसानं तोंड दुसरीकडं फिरवलं. अंजिराची जाऊ त्या घोळक्यात होती, तिनं डोळ्याला पदर लावला.

शेवटचा मणी परातीच्या कडेला चिकटलेला सापडला. शेवंतानं कट्ट्यावरचे सगळे मोजले, दोनदा मोजले, आणि मान हलवली. मी ते ओंजळीत घेतले आणि मग थांबले. मंगळसूत्राचे मणी होते. माझ्या हातून ती घेईल का? मी परत कट्ट्यावर ठेवायला वाकले, तेवढ्यात त्या पोरीनं पदर पसरला.

"हितंच द्या, मावशी," ती म्हणाली.

दातारसाहेब आले ते धापा टाकतच. प्रमिलाबाई मागं. त्या बिचाऱ्या रडून रडून बेजार झाल्या होत्या, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली. त्यांचं तरी काय चुकलं? देवाधर्माची बाई, तिला या कामावर बसवायलाच नको होतं.

हौसा उठली. "साहेब, उद्यापासनं फाटकावर तुळसामावशीच बसत्याल."

"तुम्हीच तर नको म्हणालात."

"म्हनलो हुतो. आता हवी म्हनतोय." तिनं बायांकडं बघितलं. "कुनाला नगं आसंल तर तिनं आत यायचं न्हाई. मी तिच्या शेजारी बसनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीशी उभी राहिले. ओठांवर आलेलं "पुढची" बाहेर पडेना. हौसा रांगेत पहिली होती. तिनं पदर खाली सोडला, मान वाकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काढा, मावशी. तुमच्याच हातानं."

मी फासा सोडला. मंगळसूत्र तिच्या खिळ्याला लावलं. हळकुंडाचा दोरा तिच्या गळ्यात घालायला घेतला आणि पुन्हा थांबले, कारण तो दोरा बायका आपल्या आपणच घालायच्या. ती वाकलेलीच राहिली. मग मीच घातला.

त्यानंतर चार नंबर असं चाललं की विचारू नका. बाया बारा-बारा तास उभ्या राहायच्या. बोटांना दारूनं चिरा पडल्या होत्या, त्यात खोबरेल भरून पुन्हा पिशव्या भरायच्या. मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी सगळ्यांना उपास होता आणि त्याच संध्याकाळी रेडिओवर ढाका पडल्याची बातमी आली. शत्रूनं हत्यारं खाली ठेवली. फाटकात पेढे वाटले. शेवंतानं माझ्या तोंडात पेढा कोंबला. हौसा एरवी गंभीर बाई, पण त्या दिवशी तिनं फुगडी घातली. जाताना मंगळसूत्र गळ्यात घालून घेताना मला म्हणाली, "बघा मावशी, तुमच्या हातानं काय वाईट झालं? आता येत्याल आमचं मालक."

ते आले नाहीत. शस्त्रसंधीच्या आदल्या दिवशी, पश्चिमेच्या सीमेवर गोळी लागली होती. बातमी यायला वेळ लागला, एवढंच.

मला शेवंतानं सांगितलं. त्या रात्री मला अन्न गेलं नाही. बाया हौसाच्या गावी भेटून आल्या, मी गेले नाही. दारात कुणी काही बोललं असतं तर ऐकायची माझी छाती नव्हती. लढाई थांबली तरी काम थांबलं नव्हतं, कोठारं रिकामी झाली होती. मी रोज फळीशी उभी राहायची, रोज फासे सोडायची. बाया मान वाकवायच्या, पण कुणी बोलायचं नाही आणि मीही कुणाला टोमणा मारायची नाही. हौसाच्या खिळ्यावर तिचा हळकुंडाचा दोरा तसाच लोंबत होता. साफसफाईवाली तो काढायला निघाली, तेव्हा मी तिच्या अंगावर गेले.

माझ्या मनात एकच चाललेलं. ती परत आली आणि म्हणाली, की या हातानं माझं वाटोळं केलं, तर मी काय सांगणार? चुन्याच्या डबीची गोष्ट पुन्हा सांगणार? आणि ती तसं म्हणाली की संपलंच. बाया पुन्हा खाली बसणार, साहेब पुन्हा झारी हातात देणार, आणि फाटकावर पुन्हा कुणीतरी मायाळू येणार.

तेरावा होऊन गेल्यावर ती आली. घरचे नको म्हणत होते, तरी आली. मी रांगेकडं न बघता "पुढची" म्हणत होते आणि मान वर केली तर समोर हौसा. पांढरं कपाळ. ओठ सुकलेले. खांदे मात्र तसेच रुंद.

माझे हात सवयीनं वर झाले, थेट तिच्या गळ्याकडं. आणि तिथंच अडकले. तिथं सोडायला काही नव्हतं.

मागच्या बाया माना उंचावून बघत होत्या.

"जा," मी म्हटलं. "जा बाई आत. तुझी काय झडती घ्यायची."

हौसा हलली नाही.

"न बघताच?"

"तुझ्या अंगावर आता काय असणार."

"न बघता कसं कळलं?" ती म्हणाली. "चुन्याची डबी आसली तर?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले आणि उभी राहिली. मी तिचा अंबाडा सोडून बघितला. पोलक्याची शिवण चाचपली. कनवटीला बघितलं, पायाच्या बोटांत बघितलं. जोडव्यांच्या जागी पांढरे वळ होते. कुठं काही नव्हतं. सगळं नीट बघितलं, एक जागा सोडली नाही.

मग ती रांगेकडं वळली. आवाज चढवला नाही.

"माझ्या मालकांना गोळी लागली ती सीमेवर. दुश्मनाची गोळी हुती. ह्या हातानं न्हाई झालं. कुनाच्या मनात आसंल तर हितंच बोला. आत गेल्यावर मन थाऱ्यावर लागतंय."

कुणी बोललं नाही. हौसानं खिळ्यावरचा आपला दोरा काढला, हळकुंडासकट माझ्या हातात दिला, आणि लाल फळी ओलांडून आत गेली. परातीशी आपल्या जागेवर उभी राहिली आणि पळी उचलली.

मागं शेवंता होती. तिचा मान वाकवायचा धीर होईना, रडत होती पोरगी. मग तिनं डोळे पुसले, पदर खाली सोडला आणि एक पाऊल पुढं आली. मी फासा सोडला, मंगळसूत्र तिच्या खिळ्याला लावलं, केस बघितले, शिवण बघितली.

"पुढची," मी म्हटलं.